हार्मचा चमचा

दुसरा कप संपताच हार्मने चमचा कपात ठेवला आणि तो उठला.

त्याच्या बायकोने, गेशेने, ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ही माणसं जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरची, पूर्व फ्रीसियाची. त्यांच्यात खडीसाखरेच्या खड्यावर कडक चहा ओततात, वर साय सोडतात आणि तो ढवळत नाहीत. मग चमचा कशाला? तर मन भरलं की कपात ठेवायला. चमचा बाहेर आहे तोवर घरची बाई ओतत राहणार. आत गेला की पुरे. पण तीन कप व्हायच्या आधी तो आत ठेवणं म्हणजे त्या बाईच्या तोंडावर दार आपटणं. समुद्र ओलांडून अमेरिकेत, नेब्रास्काच्या माळावर येताना या मंडळींनी शेत सोडलं, चर्च सोडलं, आईबापांची थडगी सोडली. चहाचा हट्ट तेवढा सोडला नाही.

भांडण झालं होतं घरातल्या भुईवरून. घर गवताळ मातीच्या ढेपांचं, भुईही मातीचीच.

"इम्के रांगायला लागलीय," गेशे म्हणाली होती. "काल तिच्या तोंडातून गांडूळ काढलं मी. तुझ्या बापाकडे डुकरंसुद्धा फळ्यांवर उभी राहायची, हार्म!"

"इथं एक झाड दाखव मला. लगेच फळ्या करतो."

"झाड कशाला? जुन्या विहिरीत ढिगानं फळ्या आहेत. पाणी तर तुला काढता आलं नाही, फळ्या तरी काढ!"

हे बोलायला नको होतं. ती विहीर हार्म आणि त्याचा धाकटा भाऊ ओक्को यांनी गेल्या वर्षी खणली होती. चार माणसांच्या उंचीइतके खोल गेले तरी नुसती वाळू. वाळू ढासळू नये म्हणून आतून चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या, प्रत्येक फळी रेल्वेच्या ठाण्यावरून बैलगाडीने आणलेली. इतकं चांगलं लाकूड जमिनीत कुजतंय या विचाराने हार्मची आधीच झोप उडाली होती. उधळपट्टी त्याला दातदुखीसारखी ठणकायची. बायकोच्या टोमण्याने तेवढं निमित्त मिळालं.

"बरं," एवढंच तो म्हणाला आणि चमचा ठेवला.

दुपारपर्यंत विहिरीच्या काठाशी फळ्यांचा चांगला ढीग झाला. हार्म तळापासून फळ्या उचकटत वर येत होता आणि ओक्को रहाटाने त्या ओढून घेत होता. कपडे वाळत घालताना गेशे चोरून तिकडे बघायची. तिचा राग केव्हाच निवळला होता. पाळण्याखाली किती फळ्या लागतील आणि चुलीपुढे किती, याचा ती हिशेब करत होती. तेवढ्यात जमिनीतून एक दबका आवाज आला आणि ओक्को किंचाळला.

ती धावत काठाशी पोचली. खाली धूळ होती, बाकी काही दिसेना.

"हार्म! हार्म, बोल ना रे!"

बऱ्याच वेळाने खोकला ऐकू आला. मग आवाज. "छातीपर्यंत गाडला गेलोय. डोक्यावर दोन फळ्या आडव्या अडकल्यात, त्यांच्यावर वाळू. त्या सुटल्या तर संपलं. कुणी खाली येऊ नका!"

खालच्या फळ्यांशिवाय वाळू कशावर थांबणार होती? हे गेशेला कळायला हवं होतं, त्यालाही कळायला हवं होतं. पण एकाने रागात सांगितलं आणि दुसऱ्याने रागात ऐकलं.

शेजारचा वेर्ट घोड्यावरून आला. कुणालाही टोमणा मारल्याशिवाय न सोडणारा माणूस, पण विहिरीत डोकावल्यावर त्याने टोपी काढून हातात घेतली.

"बाजूच्या भिंतींना पुन्हा फळ्या लावत लावत त्याच्यापर्यंत जायचं," तो म्हणाला. "दुसरा मार्ग नाही. पण या पुरणार नाहीत. निम्म्या उचकटताना फुटल्यात."

"माझी पेटी घ्या," गेशे म्हणाली. "पलंग घ्या. टेबल, दार, सगळं घ्या!"

पेटी तिच्या माहेरची होती, झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं. वेर्टने कुऱ्हाड उचलताना एकदा तिच्याकडे पाहिलं. "फोडा म्हटलं ना!" ती त्याच्या अंगावर ओरडली.

हार्मची आई तेदा इम्केला कडेवर घेऊन आली. म्हातारी रडली नाही. तिने काठाशी चूल मांडली, चहा केला, पत्र्याच्या मगात ओतला आणि मगाच्या कानात चमचा खोवला. जन्माची सवय. मग सुतळीने तो अडकलेल्या फळ्यांच्या फटीतून खाली सोडला. थोड्या वेळाने मग वर आला तो रिकामा, आणि चमचा कानातच खोवलेला.

"आणखी मागतोय," तेदा म्हणाली. सगळ्यांच्याच जिवात जीव आला.

दोर कमरेला बांधून ओक्को खाली उतरला. अंगाने तो बैलासारखा. त्याने अडकलेल्या फळ्यांवर पाय टेकून बाजूची पहिली फळी ठोकली, दुसरी ठोकली, आणि तिसरीला वाळू सुसाट सुटली. वेर्टने त्याला ओढून काढला तेव्हा तो ढोपरापासून खाली रक्ताळलेला होता.

"मी पुन्हा जातो, वहिनी."

"जरा थांब. दम खा," वेर्ट म्हणाला.

खालून आता आवाज येत नव्हता. तेदाने दुसरा मग सोडला. सुतळी ताणली गेली, म्हणजे त्याने तो घेतला. सगळे वाट बघत राहिले. मग सुतळीला हिसका बसला आणि गेशेने मग वर ओढून घेतला.

चमचा मगाच्या आत होता.

ओक्को तोंड फिरवून उभा राहिला. हार्मने वाळूचा आवाज ऐकला होता, भावाचं ओरडणं ऐकलं होतं. आता पुरे, असं तो सांगत होता. माझ्यापायी दुसरा जीव घालवू नका.

"पोरानं चमचा ठेवला," तेदा म्हणाली आणि मटकन खाली बसली. एक मुलगा विहिरीत, एक समोर. त्या माउलीने कुणाला जा म्हणावं?

गेशेने चमचा मगातून काढला, झटकला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

"सकाळी दुसऱ्याला ठेवला, आताही दुसऱ्यालाच ठेवतो! आई, ओता. मोठा खडा घाला."

"पोरी, तो नको म्हणतोय."

"माझ्या घरात तिसऱ्याशिवाय कुणी उठत नाही. वेर्ट, दोर माझ्या कमरेला बांधा. ओक्कोच्या वजनानं वाळू सुटते. मी त्याच्या निम्मी पण नाही."

"वहिनी, इम्केला कोण बघणार?" ओक्को म्हणाला.

"तिच्या आजीच्या कडेवर आहे ती. भावजी, आता एक शब्द बोललात तर आधी तुम्हाला ढकलीन!"

एका हातात मग आणि खांद्याला हातोडी घेऊन ती खाली उतरली. फटीपाशी ओणवी झाली. अंधारात तिला नवऱ्याचं तोंड दिसलं, वाळूने पांढरं पडलेलं.

"तू?" हार्मचा आवाज फुटला. "गेशे, वर जा!"

"चहा घे."

"चमचा ठेवला ना मी. पाठवला ना."

"माझ्या खिशात आहे तो."

"पुरे म्हणतोय मी!"

"तोंडानं सांगितलेलं आपल्यात चालत नाही. घे, निवतोय."

तो रडायला लागला. रडत रडत प्यायला. मग तिने वरून पहिली फळी मागितली, ती पेटीच्या झाकणाची होती. तिने ती अलगद सरकवली, हळू ठोकली, थांबली, कान देऊन वाळू ऐकली आणि दुसरी मागितली. टेबल गेलं, दार गेलं, पलंगही गेला. वाळू दोनदा सुटली आणि दोनदा थांबली. जीव मुठीत धरून ती ठोकत राहिली.

ऊन कलायच्या वेळेला त्याला वर ओढून काढलं. पाय बधिर झालेले, पण तुटलेले नव्हते. विहिरीतल्या फळ्या पुन्हा काढायचं नावही कुणी घेतलं नाही.

बिनदाराच्या घरात, टेबलाशिवाय, सगळे मातीच्या भुईवर बसले. गेशेने चहा ओतला. खिशातून चमचा काढून मुकाट्याने हार्मच्या बशीत ठेवला. त्याने तिसरा कप घेतला, चौथा घेतला, पाचवा घेतला. वेर्ट म्हणाला, "अरे, फुटशील!" कुणी हसलं नाही. इम्के रांगत आली आणि चमच्याला हात लावू लागली, तेव्हा हार्मने तिचा हात हळूच बाजूला केला.

गेशेने किटली पार उलटी केली. शेवटचा थेंब पडला तरी चमचा बशीतच होता.