शेपटासकट

कोरियातल्या तेजॉनच्या विद्यापीठात प्राध्यापक फ्योन यांचं सूत्र म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काच म्हणजे स्फटिकच, फक्त अणूंच्या रांगा जरा ढिल्या पडलेला, असं धरून ते सांगायचे की तिच्यातून प्रकाश किती पार होईल आणि ती विद्युतभार किती साठवेल.

माक हेरान त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिनं रांगा धरल्याच नाहीत. संगणकात अणू आधी वितळवले, मग झटकन गार केले. जो जिथं अडकला तिथं त्याला राहू दिलं. निघालं भलतंच. ही काच सूत्राच्या मानानं कितीतरी कमी भार साठवत होती. आणि जो निळा प्रकाश आरपार जायला हवा, त्यातला थोडा आतल्या वेड्यावाकड्या बंधांतच शोषला जात होता. प्रकाशाच्या आलेखाला त्या जागी बारीक शेपूट फुटलं होतं.

"हे छाटून टाक," सर म्हणाले.

"ते अणूंचं आहे सर, मी कोण छाटणारी?"

"फार शिंगं फुटलीत तुला! मग परिषदेत माझ्या प्रयोगशाळेचं नाव लावायचं नाही."

"नाही लावत."

दुपारी किमचीच्या रश्श्यावर तोकगी तिला समजवायला बसला. तो तिथला सगळ्यात जुना विद्यार्थी; सगळे त्याला सोनबे, म्हणजे थोरला, म्हणत. "अगं बाई, मान डोलव, पदवी घे, मग घाल काय गोंधळ घालायचा तो."

"सोनबे, तुम्ही कधीपासून डोलवताय?"

त्यानं आपल्या वाटीतलं टोफू तिच्या वाटीत घातलं.

बुसानच्या परिषदेत ती एकटीच्या नावावर उभी राहिली. पहिल्या रांगेतून सरांनीच विचारलं, "उद्या मापनात हे शेपूट सापडलं नाही तर?"

"तर इथंच येऊन सांगेन की मी चुकले. सापडलं तर तुम्ही याल?"

सरांनी वही मिटली.

खऱ्या काचेवर मापन केलं पोहांगच्या विद्यापीठातल्या प्राध्यापक ग्युम बाईंनी. शेपूट होतं, अगदी तिनं दाखवलं तिथंच. पण विद्युतभाराचा तिचा आकडा साफ चुकला होता. तिथं सरांचंच सूत्र जवळ होतं.

सरांनी तिला बोलावून घेतलं. आवाज मऊ होता. "झालं ना समाधान? माफी माग आणि कामाला लाग."

हेरानचे कान तापले होते. आकडा चुकल्याची लाज रात्रभर तिला जाळत होती. तरी ती ताठ उभी राहिली.

"चूक कबूल आहे सर. जगासमोर लिहून देते. पण तुम्हाला माफी आकड्याची नकोय, शेपटाची हवीय. ती मिळणार नाही."

"मग पदवीही मिळणार नाही."

"इथं नाही मिळणार."

ती पोहांगला गेली. ग्युम बाईंनी जागा दिली, पण प्रबंध पहिल्यापासून लिहायला लावला. चूकही तिची तिलाच सापडली: अणू फार थोडे घेतले होते, त्यांना मोकळं हलायला जागाच नव्हती. तिनं ते दसपट केले आणि पुन्हा वितळवायला घातले.