सैल रबराचं दार

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे. दवाखान्यात बाळांना ठेवतात तो नव्हे, मी प्रयोगशाळेतला. माझ्या पोटात बशांमधल्या पेशी वाढतात. त्यांना ऊब द्यायची, एवढंच माझं काम. नवा होतो तेव्हा माझी फार बडदास्त होती. आमच्या संशोधक बाई मला रोज पुसायच्या. पुढे दाराचं रबर सैल झालं. बाईंनी चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, "म्हातारबा, चालतंय तोवर चालवू." मीही वेड्यासारखा फुशारलो.

त्याच सुमारास तीन महिन्यांच्या एका मुलीचं काम आलं. तिला जन्मापासून मधुमेह होता. जनुकातल्या चुकीमुळे तिच्या पेशींवरची एक बारीक झडप मिटत नव्हती, आणि ती मिटल्याशिवाय इन्सुलिन बाहेर पडत नाही. म्हणून त्या एवढ्याशा मांडीवर रोज सुया. साध्या गोळीने झडप मिटेल का? अशी चूक आधी कुणाला सापडली नव्हती, त्यामुळे डॉक्टर गोळी द्यायला धजत नव्हते. बाईंनी तीच चूक माझ्यातल्या पेशींत घातली. मुलीची आई एकदा येऊन माझ्या काचेला हात लावून गेली. "लवकर सांगा हं, ताई," एवढंच म्हणाली.

दोनदा गोळीने झडप मिटली. पण आमच्याकडचा रिवाज असा, की तीनदा तेच आल्याशिवाय उत्तर कळवायचं नाही. तिसऱ्या खेपेला माझं दार केसभर उघडं राहिलं. तापमानाचा आकडा बरोबर दिसत होता, दाराजवळच्या बशा मात्र गार पडल्या. पेशी मेल्या. पुन्हा पहिल्यापासून, तीन आठवडे.

अखेर झडप मिटली, त्या सकाळी बाईंनी घाईघाईने फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "परवा गेली ती. सुई दिली आणि प्यायलेलं सगळं दूध ओकली. साखर उतरली, ती सावरलीच नाही."

महिन्याने आई आली.

"उत्तर आलं का हो?"

"आलं. गोळी लागू पडली असती."

"मग उशीर कशाने झाला?"

बाईंनी माझ्या दाराकडे पाहिलं. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे त्याच उत्तरामुळे दुसऱ्या एका बाळाच्या सुया सुटल्या. आता मी जिन्याखाली रिकामा उभा आहे. मित्रांनो, हाताखालचं यंत्र कुरकुरलं तर त्याच दिवशी बघा, चिकटपट्टीवर भागवू नका. दार लावलंत की कडेवरून एकदा हात फिरवा. बाई आजही जाता-येता माझ्या दारावरून हात फिरवतात, आत काही नसलं तरी.