डाग काढून मिळतील

जुन्नरात माझा स्टुडिओ आहे. पाटीवर 'सोपान फोटो' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'डाग काढून मिळतील'. ती ओळ मी उगाच लिहिलेली नाही. पिंपरी पेंढारच्या एका नवरदेवाची मुरमं मी फोटोत अशी साफ केली होती, की मांडवात मुलीकडच्यांनी त्यालाच विचारलं, "नवरदेव अजून आला न्हाई का?"

शहाण्णव सालच्या डिसेंबरात कापडवाल्या मांगीलालशेठचा जिनेश माझ्याकडे रोल घेऊन आला. या पठ्ठ्यानं स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवली होती. तिची जाडजूड नळी दुकानात आडवी पडलेली असायची आणि साडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, पाइप कसा फूट?" शेठ वैतागले होते. पोरानं दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि मढ गावातल्या ओळखीच्या गेणभाऊंच्या खळ्यावर जाऊन थंडीत कुडकुडत बसायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्यांनी शेवटचं सांगून टाकलं होतं. रविवारी फोटो दाखव. त्यात बघण्यासारखं काही असलं तर दुर्बीण राहील, नाहीतर पुण्याच्या एका शाळेला देऊन टाकीन.

"शेवटची फ्रेम मोठी करा, सोपानभाऊ," जिनेश म्हणाला. "आभाळ सरकतं तशी दुर्बीण सरकवायला चाळीस मिनिटं डोळा लावून हातानं स्क्रू फिरवत व्हतो. मान अजून वाकडी हाय."

"हाय काय त्यात?"

"देवयानी दीर्घिका."

दीर्घिका म्हणजे काय, हे विचारायची मला लाज वाटली. मी जाणकारासारखी मान डोलावली. तिथंच सगळं चुकलं.

प्रिंट निघाली आणि मला घाम फुटला. मधोमध एक लांबुळका धुरकट पट्टा आणि भोवती पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता सडा. निगेटिव्हवर धूळ बसली की प्रिंटवर असेच ठिपके येतात. माझ्या स्टुडिओत इतकी धूळ! निगेटिव्ह पुसली, पुन्हा छापली, पुन्हा पुसली. ठिपके जिथल्या तिथं. मग मी शून्य नंबरचा ब्रश घेतला, काळी शाई घेतली, भिंग लावलं आणि बसलो. लगीनसराईचे दोन अल्बम बाजूला सारून दोन दिवस एकेक ठिपका मिटवला. पट्टा तेवढा ठेवला, कारण दीर्घिका म्हणतात ती हीच असणार, एवढं मला कळत होतं.

रविवारी फोटो स्वतः घेऊन दुकानात गेलो. शाबासकी समोरासमोर घ्यावी, असा विचार होता.

जिनेशनं पाकीट उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला. "भाऊ, पांढरे ठिपके व्हते ना यात?"

"एक ठेवला न्हाई!" मी छाती फुगवून म्हणालो.

"ते तारे व्हते."

तो मटकन गाठोड्यावर बसला.  तेवढ्यात शेठनी त्याच्या हातातून फोटो घेतला, चष्मा लावला आणि दारातल्या उजेडात जाऊन उभे राहिले. 

"हे काय हाय?"

"लांबचं ताऱ्यांचं गाव," जिनेश मेल्या आवाजात म्हणाला. "हा उजेड तिथून निघाला त्याला वीस-बावीस लाख वर्षं झाली."

"बावीस लाख वर्षं वाटेत?" शेठनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "आन् एक डाग न्हाई! आपलं कापडाचं ठाण सुरतेवरून चार दिवसांत येतं तरी कडेला मळतं!"

त्यांनी जिनेशच्या आईला बाहेर बोलावलं. धापूबाईंनीही डोळ्यांजवळ नेऊन डाग शोधला. सापडला नाही.

"ऱ्हाऊ दे दुर्बीण," शेठ म्हणाले. "पन फोटो धुवायचे सोपानकडंच."

जिनेशनं माझ्याकडे कच्चा खाऊ की भाजून, अशा नजरेनं बघितलं. पण बोलणार काय? बोलला असता तर दुर्बीण गेली असती.

पुढच्या अमावास्येला त्यानं मला धरून मढला नेलं. लाइट गेली होती. अख्ख्या तालुक्यात लाइट गेल्यावर खूश होणारा हा एकटाच माणूस. मी दुर्बिणीला डोळा लावला. मधोमध तो धुरकट पट्टा आणि भोवती तेच ठिपके. सवयीनं खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली.

"भाऊ, हात लावू नका!" जिनेश किंचाळला. खळ्यावरचं कुत्रं पळालं.

मी पुन्हा बघितलं. एकही ठिपका हलला नव्हता.

"हे सगळे सूर्य?"

"सगळे."

"जिनेश, किती मिटवले रे मी?"  आयुष्यात स्वतःच्या कामाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"निगेटिव्ह शाबूत हाय ना, भाऊ?" तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

तीच निगेटिव्ह मी पुन्हा छापली, ब्रश न लावता, आणि ती प्रिंट स्टुडिओत पाटीच्या बरोबर खाली टांगली. गिऱ्हाईक येतं, पाटी वाचतं, फोटो बघतं आणि म्हणतं, "राव, आधी तुमचे तर काढा!" मी काढत नाही. फक्त दुपारी दुकानात कुणी नसलं की हात शिवशिवतो. डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, एक बारका तारा आहे. तो काढला तर जिनेशलासुद्धा कळणार नाही. म्हणून ब्रश हल्ली घरी, बायकोकडं ठेवतो.