लाभपाचमेच्या आधी

डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली एकच मी घरी आणली.

पहिली सांगितली तेव्हा जयश्री, माझी बायको, शेजारीच उभी होती. "रोज चालवानुं," बाई म्हणाल्या. काविळीनं पोखरलेलं लिव्हर आक्रसलं आहे, ते पहिल्यासारखं व्हायचं नाही; पण सांभाळलंस तर पुष्कळ वर्षं साथ देईल. खाटेवर पडून राहिलास तर मात्र अंगावरचं मांस झडेल. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं चाल, हात न टेकता खाटेवरून ऊठ-बस कर, आणि थकून जायच्या आधी बस. थकल्यावर बसून उपयोग नाही. हे शेवटचं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.

जयश्री औषधांच्या रांगेत गेली तेव्हा मी विचारलं, "लूम पे कब से जाऊं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "लूम भूल जाओ, भाई. बारह घंटे खडे रहना, वो अब कभी नहीं. बैठने का काम ढूंढो."

बाहेर आल्यावर जयश्रीनं विचारलं, "काय म्हनन्यात बाई?" मी म्हटलं, "काही महिने आराम." ते 'कभी नहीं' मी दवाखान्याच्या पायरीवरच सोडलं. ते तिथंच राहील असं मला वाटलं, इतका मी शहाणा.

हे होळीच्या आधीचं. आम्ही अमळनेरकडचे, पण सुरतेत आता बरीच वर्षं झाली. लिंबायतमध्ये दोन खोल्या लागून. एकीत मी आणि जयश्री, दुसरीत मोठा भाऊ भाईदास, कलावहिनी आणि त्यांची हर्षदा. उधन्याच्या कापडाच्या कारखान्यातसुद्धा आमचं तेच. भावाचे माग आणि माझे माग एकमेकांना लागून. मी आडवा झालो तेव्हा शेठ माझे माग दुसऱ्या कुणाला देणार होता. भाऊ मध्ये पडला. "वाल्मिक येस तोपावत मी दोन्हीसना चालाडस," म्हणाला. तेव्हापासून माझा भाऊ दोन माणसांच्या मागांमध्ये एकटा धावतो. इकडची तार तुटली की इकडे, तिकडची सुताची कांडी संपली की तिकडे. माझ्या मागांची मजुरी पगाराच्या दिवशी तो जशीच्या तशी जयश्रीच्या हातात ठेवतो. आणि मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून फिरायला जातो!

फिरायला जाणं हा आमच्या गल्लीत धंदा नाही. कामावर जातात, बाजारात जातात, मयताला जातात. नुसते पाय हलवायला कुणी घराबाहेर पडत नाही. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला पाय हलवायची हौस कशाला असेल? पहिल्या दिवशी मी मोकळ्या हातानं निघालो, तर समोरच्या धुडकूनं ओट्यावरून आवाज दिला, "काय वाल्मिक, हवा खावाले चालना का?" हाच धुडकू मला म्हणाला होता, "दारूबंदीना गावमा तुन्हं लिव्हर कसं खराब व्हयनं रे?" मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. पण माझ्या खरेपणाची साक्ष मी कोणत्या तोंडानं देणार होतो?

दुसऱ्या दिवशी जयश्रीनं माझ्या हातात पिशवी दिली. "थैली ल्या. मोकया हाते गयात ते लोके इचारतीन."

तेव्हापासून रिकामी पिशवी घेऊन मी रोज फिरलो. हातात पिशवी असली की माणूस कामाचा दिसतो. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर आमच्याकडचे रस्ते रुंद झाले होते, पालिकेनं एक लहानशी बाग केली होती. तिथपर्यंत जायचं, बाकावर बसायचं, परत यायचं. सुरुवातीला निम्म्या वाटेवरच्या पानाच्या टपरीशी पायांचं पाणी होई. ही दमणूक कशी सांगू? दिवसभर माग चालवल्यावर जी येते ती नाही. ती भाकरी खाऊन झोपलं की जाते. ही झोपून उठल्यावर उशाशी बसलेलीच असते. हाडं कुणी ओली करून ठेवल्यासारखी जड. आणि तोंडावर काही म्हणजे काही दिसत नाही. डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यावर तर मी चांगला टवटवीत दिसायला लागलो. लोक म्हणायचे, "चांगला तर दिखस!" चोराच्या मनात चांदणं, मला ते शिवी दिल्यासारखं लागे.

खोलीत दार लोटून मी खाटेवरून ऊठ-बस करायचो. शाळेत गुन्हा केला की उठाबशा काढायला लावत. माझ्या उठाबशांना तेवढीच शोभा होती, फक्त गुन्हा काय ते मास्तरांना माहीत नव्हतं.

हळूहळू गुण आला, हीच तर पंचाईत. श्रावणापर्यंत मी बागेला एक फेरी मारून न बसता परत येऊ लागलो. जयश्री खूश. आणि मी जितका बरा दिसे तितकं माझं खोटं मोठं होत जाई. म्हणून घरी आलो की मी मुद्दाम पडून राहायचो. वहिनीची चाहूल लागली की कूस बदलून कण्हायचो. बाहेर धडधाकट, घरात आजारी. आयत्या बिळावरचा नागोबासुद्धा निदान फणा तरी काढतो.

गणपतीच्या सुमाराला एक सकाळ अशी आली की अंग कापसासारखं हलकं. भाऊ नुकताच कामावर गेला होता. वहिनी नळाच्या रांगेत कळशी घेऊन उभी होती, तिचा पाय मुरगळलेला. मला राहवलं नाही. भावासाठी नाही, तर निदान वहिनीसाठी काहीतरी करू म्हटलं आणि दोन्ही घरचं पाणी एकट्यानं भरलं. हंड्यामागून हंडा. बसायची वेळ झाली हे मांड्या सांगत होत्या. मी ऐकलं नाही, कारण वहिनी बघत होती आणि तिचं तोंड उजळत चाललं होतं.

"देव पावना वं माय!" ती रांगेतल्या बायांना म्हणाली. "आते वाल्मिकभाऊ बरा व्हयनात. आते मन्हा मानूस मोकया व्हई."

मी खोलीत आलो आणि खाटेवर पडलो. तो दिवस गेला, दुसरा गेला. जेवायला उठवेना. जयश्री रागानं रडली, "बाईसनी काय सांगेल व्हतं? कसाले करं तुम्ही?" मी भिंतीकडे तोंड करून पडलो. भिंतीपलीकडे वहिनी हर्षदाला चढ्या आवाजात सांगत होती की काका बरा झाला. मला उठून जाऊन सांगायचं होतं, आणि खरंच उठवत नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला देव कधी कधी असं खरं कारण देतो, आणि ते फार वाईट.

नवरात्र संपलं त्या रविवारी आम्ही चौघं मोठी माणसं भावाच्या खोलीत जेवायला बसलो. वहिनीनं कळण्याच्या भाकरी आणि भरीत केलं होतं, मला मीठ वर्ज्य म्हणून माझ्यासाठी बिनमिठाचं वेगळं. भाऊ आधीच पायांनी वाकडा चालायला लागला होता. घोट्यांवर सूज, पोटऱ्यांवर शिरा हिरव्या गाठीगाठींनी वर आलेल्या. घास घेता घेता तो म्हणाला, "लाभपाचमले तू उभा ऱ्हायजो आपला मागवर. शेठले सांगेल शे मी."

आमच्या कारखान्याचा नेम असा: दिवाळीला सगळे माग बंद, मग कार्तिकातल्या पंचमीला, म्हणजे लाभपाचमेला, मुहूर्त, आणि त्या दिवशी ज्या मागावर जो उभा राहील, वर्षभर तो त्याचा. भावानं शब्द देऊन टाकला होता. मी 'हां' म्हटलं. जयश्रीनं चमकून माझ्याकडे बघितलं, पाण्याच्या हंड्यांचे दोन दिवस तिनं पाहिले होते. पण थोरल्या दिरासमोर ती बोलली नाही.

भाऊ पुढे काही म्हणतो का, ते मी बघत होतो. तो म्हणेना. मान खाली होती. घास बोटांतच होता आणि तो बसल्या बसल्या झोपला होता. वहिनीनं हळूच त्याच्या हातातला घास काढून घेतला, हात पुसला, आणि मला खुणेनं सांगितलं, बोलू नको. तिच्या तोंडावर तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

तो झोपलेला भाऊ मला जड गेला. मी का सांगत नव्हतो? मजुरी बंद होईल, हे एक. पण ते सगळं खरं नाही. जयश्री घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करते. तिच्या शेजारी बसून मीही टिकल्या चिकटवल्या तर दोघांचं पोट निघालं असतं. मला ते नको होतं. गल्लीतल्या बायांमध्ये बसून टिकल्या चिकटवणारा वाल्मिक मला नको होता. माग कुणाच्या तरी नावावर आहेत, त्या नावाचा माणूस आज ना उद्या येणार आहे, एवढं मला जगायला हवं होतं. आणि त्याची किंमत भावाचे पाय देत होते. हे कळल्यावर माणसानं झोपू नये. मी लिव्हरचा पेशंट, मी झोपलो.

सकाळी पिशवी न घेता निघालो. बागेकडे न वळता उधन्याची वाट धरली. एवढं अंतर होळीपासून गेलो नव्हतो. घाई करायची नाही, असं स्वतःला बजावत होतो. दुकानाच्या ओट्यावर बसलो, मग रेल्वेच्या फाटकापाशी बसलो, मग कुणाच्या तरी सिमेंटच्या पाइपावर. बसलो की मागे फिरायचं मन होई आणि उठताना ते तिथंच सोडावं लागे. कारखान्याच्या जिन्यावर तर दर दोन पायऱ्यांना थांबलो. वर मागांचा तो दणदणाट, छातीत घुसणारा. मला रडूच आलं. किती आवडायचा मला तो आवाज.

कारखान्यात कुणी ओरडून बोलत नाही, ओरडून ऐकू येत नाही. आम्ही ओठांनी बोलतो, हातांनी बोलतो. भाऊ माझ्या मागांमध्ये होता, तुटलेली तार जोडत. मला बघून त्याचं तोंड असं फुललं की मी जिन्यावरून परत जायला हवं होतं. "कामवर उनास?" तो ओठांनी म्हणाला. आजूबाजूचे दोघं-तिघं हात वर करून हसले.

मी म्हटलं, "मन्हाकडतून माग नही व्हवाव, भाऊ. कधीच नही. बाईसनी होळीले सांगेल व्हतं."

आवाज न काढता बोललेलं त्याला बरोबर कळलं. पलीकडच्या मागावरच्या लोटूलाही कळलं असावं, कारण त्यानं पटकन मान फिरवली. भावानं आधी हातातली गाठ पुरी केली. मग तो माझ्या पहिल्या मागापाशी गेला आणि हँडल ओढून त्यानं माग बंद केला. मग दुसरा. मग तिसरा. एकेक आवाज कमी होत गेला. शेवटच्या मागापाशी आल्यावर तो बाजूला झाला आणि त्यानं मला बोट दाखवलं. हा तू बंद कर.

मी हँडल धरलं. ओढलं. धोटा एका बाजूला जाऊन थांबला. कापड अर्ध्यावर.

भावानं लोटूला स्वतःच्या मागांकडे लक्ष ठेवायची खूण केली आणि खाली बसला, भिंतीला टेकून, पाय लांब करून. मला वाटलं आता मारेल. मारावं असं मला वाटत होतं. मी त्याच्यासमोर बसलो. त्यानं माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली. इतक्या जवळून ऐकू येत होतं.

"मी रोज देवले मांगू," तो म्हणाला, "वाल्मिकले लवकर बरा कर. तुन्ही वहिनीले वाटे, भाऊना किती जीव शे. तुन्हासाठे नही मांगू रे. मन्हासाठे. मन्हा पाय ऱ्हायनात म्हनीसन. तू झोपेल दिखना का माले राग ये. आजारी भाऊना राग."

आणि तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, तोंडावर सुताचा भुगा, त्यातून ओघळ उतरत होते. माझ्याजवळ त्याला द्यायला काही नव्हतं. तुझा राग खरा होता, एवढंच म्हणावंसं वाटलं.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं, डबा ओढला, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे केली. त्या भाकरीत मीठ होतं. मी खाली मान घालून ती खाल्ली.