आधी दाईला हाक

हातपंपाशी ठेवलेल्या रेडिओतून आकोई बोलू लागला, "बाळंतपणात रक्त थांबेना, तर दाईकडे न जाता…" आणि बायांनी बादल्या उचलल्या. रेडिओ कुणी बंद केला नाही, नुसत्या निघून गेल्या. केबेची लेक कोर्पोही पोट सावरत त्यांच्यामागून गेली. तिचे दिवस भरत आले होते.

केबे पंपाशी एकटीच उरली. तो मजकूर गावच्या लोमा भाषेत तिनंच झोरझोरच्या आरोग्य कचेरीत बसून उतरवला होता. शब्द न् शब्द बरोबर होता. पण बाळंतपण ही बायकांनी बायकांना, पुरुषांना मज्जाव असलेल्या बनात सांगायची गोष्ट. ती पुरुषाच्या तोंडून चारचौघांत ऐकायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. कचेरीतले साहेब म्हणाले होते, आकोईचा आवाज खणखणीत आहे. आणि केबेनं मान डोलावली होती.

वडीलधाऱ्यांना मान म्हणून देतात ती कोलाची कडू फळं पदरी बांधून आणि रेकॉर्डर घेऊन ती तडक म्हाताऱ्या यासा दाईकडे गेली. कोर्पो तिथेच ओसरीवर टेकली होती.

"आज बरी आठवण झाली दाईची! माझ्याकडे येऊ नका म्हणून तूच सांगतेस ना?"

"आजी, तसं नाही गं…"

"मी बहिरी नाही. ही कोर्पो कुणाच्या हातावर जन्मली?"

"तुझ्याच." केबे उठली, दारापर्यंत गेली, परत आली. "आजी, तूच बोल ना. तुझं ऐकतील."

"आधी बस. अंडं घालायला जागा शोधतेस का?" यासानं कोला फोडून अर्धा तिला दिला. "बोलीन. पण माझ्या मनासारखं."

कचेरीची सक्त ताकीद होती, मजकुरात फरक करायचा नाही. केला तर काम गेलंच. केबेनं बटण दाबलं.

"बायांनो, मी यासा. रक्त थांबेना, तर आधी मला हाक मारा. पोराचा बाप मोटारसायकल आणील, मी मागे बसून दवाखान्यात येईन. वाट बघत बसू नका."

"आजी, 'आधी मला' एवढं काढू या? तू शेतावर असलीस तर? तेवढ्यात जीव जायचा."

"काढ की. पण मग माझं नावही काढ."

तोवर कोर्पो ओसरीवरून म्हणाली, "आई, आजी बरोबर असेल तर मी जाईन दवाखान्यात. एकटी नाही जायची."

केबेनं लेकीकडे बघितलं. मग दाईला म्हणाली, "आजी, हिचं होईपर्यंत तू शेतावर जायचं नाहीस."

"बघ, हुकूम सोडायला लागली! बरं, नाही जात."

केबेनं यासाच्या रेकॉर्ड केलेल्या बोलण्यातला एक शब्दही गाळला नाही. ते घेऊन झोरझोरला जाताना, मजकूर का बदलला म्हणून कचेरीत काय सांगायचं ते ती मनात जुळवत राहिली, जुळलं नाही.