अकराची फाइल

सलग चौथ्या दिवशी सकाळी अकराला पडद्यावर लाल ओळ उमटली, ‘फाइल खराब आहे’, आणि थोरलीने रुमाल तोंडाला लावला. हसू दिसू नये म्हणून. समोरच्या टेबलावर तिची धाकटी जाऊ डोकं धरून बसली होती.

दोघी एकाच घरात राहायच्या आणि एकाच औषध भांडाराच्या कचेरीत काम करायच्या. धाकटीला इथे चिकटवली ती थोरलीनेच. सात दवाखाने रोज सकाळी आपापल्या औषधसाठ्याचा तक्ता एक्सेलमध्ये भरून एका सामाईक फोल्डरमध्ये टाकायचे. ते तक्ते तपासून, जुळवून भांडाराच्या यंत्रणेत चढवायचं काम एकोणीस वर्षं थोरलीचं. तीन तास लागायचे. कुणाचा तक्ता उघडेना, कुणाचे आकडे उडाले, की सगळे तिच्याकडे धावत यायचे. बाईंचा हात लागला की मेलेली फाइलही उठून बसते, असं खुद्द साहेब म्हणायचे. मग धाकटी आली आणि सहा महिन्यांत तिने एक प्रोग्रॅम लिहिला. अकराच्या ठोक्याला तो फोल्डरमधल्या सगळ्या फाइली आपणहून उचलायचा आणि चढवून मोकळा व्हायचा. दोन मिनिटांत.

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. रविवारी सासूबाईंनी पाहुण्यांसमोर कौतुक केलं, की आमच्या धाकटीने ऑफिसचं तीन तासांचं काम दोन मिनिटांवर आणलं. ते तीन तास कुणाचे होते हे कुणी विचारलं नाही. थोरली पाण्याचे ग्लास भरत होती. ती हसली खरी, पण तिच्या पोटात जो निखारा पडला तो काही विझेना.

सोमवारपासून तिने एक उद्योग सुरू केला. पावणेअकराला गुपचूप त्या दिवसाची एखादी फाइल उघडून ठेवायची, आणि प्रोग्रॅमने आकडे चढवले की एकेक ताडून बघायचा. एक तरी चुकलेला सापडावा, एवढीच इच्छा. देवाने जणू लगेच ऐकलं, कारण सोमवारीच प्रोग्रॅम अडकला. एक फाइल नासकी निघाली की तो सगळंच काम थांबवायचा, आणि मग थोरलीला सातही तक्ते हाताने चढवावे लागायचे. लागायचे कसले, तिला मनातून उकळ्या फुटत होत्या. शुक्रवारी साहेब दोन गोष्टी ठरवणार होते. प्रोग्रॅम ठेवायचा का, आणि धाकटीला कायम करायचं का. थोरलीने दोन्हींची उत्तरं मनातल्या मनात देऊनही टाकली होती.

धाकटी उठून तिच्यापाशी आली. “वहिनी, तुम्ही बघता का जरा? फाइलींचं तुम्हाला कळतं तेवढं इथे कुणालाच कळत नाही.”

थोरलीने लगेच उठायचं नाही असं ठरवलं आणि लगेच उठली. धाकटीच्या खुर्चीवर बसून तिने प्रोग्रॅमने बाजूला टाकलेली फाइल बघितली. बाकीच्या फाइलींपुढे ही अगदीच चिमूटभर होती. हा तक्ताच नव्हे, असं तिने जाणकाराच्या सुरात सांगितलं, आणि अशी फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडून बघायची असते हेही शिकवलं. आत बहुतेक कचराच असतो, पण कधीकधी त्या कचऱ्यातच चोर सापडतो.

तिने फाइल उघडली. बरीचशी रिकामी जागा, दोनचार वेड्यावाकड्या खुणा, आणि त्यांच्यात स्वच्छ वाचता येईल असं एक नाव. थोरलीचं, आडनावासकट.

पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. फाइल कुणी उघडून ठेवली की एक्सेल तिच्या शेजारी एक लहानशी लपलेली फाइल करून ठेवतं, आत उघडणाऱ्याचं नाव लिहिलेली. प्रोग्रॅम तिलाच तक्ता समजून उचलत होता आणि ती त्याच्या घशात अडकत होती. चार दिवस.

“तुला कधी कळलं?” थोरलीने मान न वळवता विचारलं.

“मंगळवारी.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? माझ्या फाइली उघडू नका म्हणून? संध्याकाळी एकाच टेबलावर जेवायचंय आपल्याला.” धाकटीचा आवाज खाली गेला. “उघडी फाइल वगळ, एवढंच प्रोग्रॅमला सांगायचंय. पण बदलाला साहेबांची सही लागते, आणि कारण लिहावं लागतं. ते मला लिहवेना. उद्या लिहीन, माझ्याकडूनच राहून गेलं म्हणून. ते खोटंही नाही.”

थोरलीला खरं तर रडू यायला हवं होतं. आला तो रागच. हुशारीत पुढे होतीच, आता चांगुलपणातही हीच पुढे. आपल्यासाठी म्हणून काही शिल्लकच ठेवायची नाही का हिने?

शुक्रवारी दहाला दोघी साहेबांच्या खोलीत उभ्या राहिल्या. साहेबांनी धाकटीचा कागद वाचला, आणि एवढंसंच होतं तर चार दिवस का घालवले, असं विचारलं. “माझंच राहून गेलं,” धाकटीने कागदावरचंच पुन्हा सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. आता थोरलीने काही करायचीही गरज नव्हती. नुसतं उभं राहिलं तरी पुरे होतं.

“फाइल मी उघडून ठेवत होते,” ती म्हणाली. “रोज.”

“तुम्ही? कशासाठी?”

तपासायला, हे उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईला ते शोभलंही असतं.

“हिची चूक सापडावी म्हणून.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग कुणाकडेही न बघता त्यांनी आधी प्रोग्रॅमच्या कागदावर सही केली आणि नंतर धाकटीला कायम करण्याच्या.

बदल करायला धाकटीला दहा मिनिटं पुरली. अकराला थोरली आपल्या जागेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. थोड्या वेळाने धाकटीने खुर्ची वळवून सांगितलं, “वहिनी, सातही गेल्या.”

“बरं झालं,” थोरली म्हणाली. तिला अजून तसं वाटत नव्हतं, पण बोलताना तिचा आवाज कापला नाही.