पाहुणीसाठी मांडलेलं मेज

वेनेराने फरशीवर तिसरी बादली ओतली आणि गुडघ्यांवर बसून ब्रश घासायला घेतला. दार सताड उघडं होतं. दारापासून दोनशे पावलांवर, चेस्टनटच्या झाडांमागून लाव्हा येत होता. खापरांनी भरलेली पोती कुणी फरफटत न्यावीत तसा त्याचा आवाज कालपासून अखंड चालला होता. तासाला पाच-सहा पावलं, त्याहून जास्त घाई त्याला नव्हती.

घर धाकट्या बहिणीचं, नुन्झियाचं. ते आता जाणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, आणि म्हणूनच ही घासपूस चालली होती. एटना ज्वालामुखीच्या या उतारावर पर्वताला कुणी नावाने बोलावत नाही, नुसतं 'ती' म्हणतात. ती घरी यायला निघाली की घर धुऊन-पुसून ठेवायचं, मेजावर पाव आणि वाइन मांडायची, किल्ली दारालाच ठेवायची आणि निघून जायचं. एवढ्या लांबून दमून आलेल्या बाईला कुणी घाणेरड्या घरात घेतं का?

वेनेरा मदतीला आली होती खरी, पण सकाळपासून तिच्या पोटात एक गारवा पसरला होता. आपल्या बहिणीचं घर जातंय आणि आपल्याला बरं वाटतंय, हे तिचं तिला कळत होतं. लाजही वाटत होती. लाजेने गारवा काही कमी होत नव्हता.

इथे शेतांना नावं नसतात, सालं असतात. वडिलांनी वाटणी केली तेव्हा वेनेराला मिळालं 'एकोणनव्वद', म्हणजे सोळाशे एकोणनव्वद साली वाहून आलेला लाव्हा. पावणेतीनशे वर्षांत त्यावर जेमतेम वीतभर माती साठली होती. नुन्झियाला मिळाला 'बावन्न'मधला हिरवा तुकडा. अठराशे बावन्न साली लाव्हा त्याच्या दोन्ही बाजूंनी गेला आणि मधली काळीभोर माती, झाडं, विहीर, सगळं तसंच सोडून गेला. नुन्झिया तेव्हा जन्मायची होती, तरी तिचं नशीब तेव्हापासून तिथे तिची वाट बघत बसलं होतं, असं वेनेरा म्हणायची.

जमिनीचं दुःख तिने गिळलं असतं. तिला गिळता आली नाही ती आईची मेजाची चादर. आईने लग्नाआधी दोन हिवाळे बसून त्या चादरीच्या काठाला जाळीचा कशिदा केला होता. थोरलीला मिळणार हे गृहीतच होतं. मरणाआधी आईने ती नुन्झियाला दिली, आणि का दिली ते विचारायची वेनेराची कधी छाती झाली नाही. त्या चादरीवर एका कोपऱ्यात तळहाताएवढा जुना तांबूस डाग होता. नुन्झियाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात, सगळे पाळण्याभोवती जमलेले असताना, सहा वर्षांच्या वेनेराने वाइनचा पेला बोटाने लोटला होता. धक्का लागला, असं सगळ्यांना वाटलं.

फरशी वाळली तशी नुन्झियाने तीच चादर मेजावर पसरली.

"ही जाळायला घालतेस?" वेनेराने विचारलं.

"मग काय, तिला उघड्या मेजावर वाढू?"

नुन्झियाने पाव ठेवला, पेला भरला, आणि शेवटची गाठोडी घेऊन ती गाडीपाशी गेली; तिथे वेनेराचा नवरा चिरीनो उभा होता. ब्रश राहिला म्हणून वेनेरा मागे फिरली. तिने पाव उचलला, पेला उचलला, चादर ओढून घेतली आणि घडी करून कोटाखाली पोटाशी धरली. मग पाव आणि पेला उघड्या लाकडावर पुन्हा ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाव्हा नुन्झियाच्या दारापासून चार पावलांवर थांबला.

शेजारच्या गावांतून माणसं बघायला आली. पाद्री आले. बायका दाराच्या चौकटीला हात लावून तो ओठांना लावत होत्या. वेनेरा मागे उभी राहून बघत होती आणि तिचा नुसता जळफळाट होत होता. घर हिला, विहीर हिला, आता चमत्कारही हिलाच.

मेज उघडं बघून एका म्हातारीने विचारलंच, की पाहुणीसाठी चादर नाही घातलीस? नुन्झिया क्षणभर मेजाकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, की घातली होती, पण निघताना हात धजला नाही, मीच काढून घेतली. वेनेराकडे तिने पाहिलंही नाही. वेनेराचे कान तापले. बहिणीने आपल्याला वाचवलं हे तिला कळलं, आणि त्याचाही तिला रागच आला. चांगुलपणासुद्धा हिच्याच वाट्याला यावा.

पण पर्वत थांबला नव्हता. वरून लाव्हा येतच होता. थंड पडलेल्या तोंडामागे तो साचला, खोलगट भाग भरून निघाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डाव्या अंगाने फुटून उतरणीला लागला. त्या उतरणीवर पुढे एकच घर होतं, 'एकोणनव्वद'वरचं, वेनेराचं.

चिरीनो गच्चीवरून बघून खाली आला.

"वळली आपल्याकडे," तो म्हणाला. "तुझ्या बहिणीकडचं जेवण आवडलेलं दिसत नाही."

संकटात थट्टा करायची त्याची जुनी सवय. वेनेराच्या हातातली बशी मात्र खाली पडली. पाहुणीसाठी मांडलेल्या मेजावरून आपण चोरी केली, हे पाहुणीला कळल्याशिवाय कसं राहील?

तिने सामान बाहेर काढलं. आपल्याच घराची फरशी गुडघ्यांवर बसून घासली. नुन्झिया मदतीला निघाली आहे, असा निरोप आला होता. वेनेराने पेटीच्या तळातून चादर काढली आणि मांडीवर घेऊन बसली. पेटीत परत ठेवावी, तर निदान नुन्झियाच्या नजरेला पडणार नाही. मेजावर घालावी, तर जिच्यासाठी मांडली होती त्या पाहुणीला मिळेल. बाहेर अंगणाच्या भिंतीपलीकडे खापरांचा आवाज वाढला, तशी ती उठली आणि तिने चादर मेजावर टाकली.

काठ सरळ करायच्या आत नुन्झिया दारात आली. हातात बादली होती. तिने मेजाकडे पाहिलं, बादली खाली ठेवली आणि ओले हात घागऱ्याला पुसले.

"डागाची बाजू भिंतीकडे कर, ताई. आई तशीच घालायची."

वेनेरा जागची हलली नाही. चाळीस वर्षं घशात अडकलेला प्रश्न आत्ता, घर जायच्या वेळी बाहेर पडला.

"तुला का दिली तिने?"

"मी म्हटलं होतं तिला, ताईला दे म्हणून." नुन्झियाने मेजाला वळसा घातला. "नाही म्हणाली. हा डाग जन्मभर तिच्या डोळ्यांसमोर नको, म्हणाली. लहान होती ती तेव्हा."

"म्हणजे तिला ठाऊक होतं?"

"ती पाळण्याकडे बघत नव्हती, ताई. तुझ्याकडे बघत होती."

 नुन्झियाने चादरीचं आपल्याकडचं टोक धरलं.

"धर ना," ती म्हणाली. "वेळ नाही."

वेनेराने दुसरं टोक धरलं. दोघींनी चादर उचलून फिरवली, डाग भिंतीकडे गेला. नुन्झियाने पाव ठेवला. वेनेराने बाटली घेतली. तिने पेला काठोकाठ भरला आणि कडेपासून लांब, मेजाच्या मधोमध ठेवला.